मागे न येणारी गाडी

नाय नाय, त्या निळ्या पिशवीला हात नको लावू गो — ती विकायची नाय. आईने बांगडे सांगितलेत ना तुला? मग बांगडेच घे. चार सांगितलेत? पाच देते, एक लहान आहे, तो तुझा. बस त्या पायरीवर, दप्तर मांडीवर घे, खाली ओलं आहे. मी इथे सीटवर बसूनच साफ करून देते, मला उतरायला नको सांगू — उतरायला उतरेन, पण परत चढायला माणूस लागतो. कापायला बरं पडतं असं, फळी मांडीवर, कोयता हातात, बर्फाची पेटी पाठीला. पाठ गार पडते, बाकी काय नाय. नाव काय तुझं? मोठ्याने बोल, हेल्मेटमध्ये ऐकू येत नाय. समिधा. छान आहे. काढते गो हेल्मेट — नको, राहू दे. असू दे डोक्यावर.

गाडीकडे बघतेस ना? बघ की, सगळे बघतात. स्कूटर म्हणावी तर मागे दोन चाकं, रिक्षा म्हणावी तर वर टप नाय. माझ्या हितेशने करून घेतली, माझा मुलगा — मागचं एक चाक काढून दोन बसवली, मध्ये ही पेटी. मला सायकलपण येत नव्हती, ह्या वयात मी कुठली गाडी चालवणार? पण शिकवलं त्याने. आम्ही मोठागावचे, डोंबिवली पश्चिमेला खाडीवर, तिथे रेतीबंदराच्या मैदानात रोज संध्याकाळी घेऊन जायचा. तो पेटीवर बसायचा, मी पुढे. पहिल्या दिवशी सरळ रेतीच्या ढिगात. त्याचे मित्र हसत होते, तो मितेश तर मोबाईलवर शूटिंग करत होता, बोलला, मावशी, होडी हाकताय काय. मीपण हसली. पण मला समजेना की ही वळत का नाय.

काय व्हायचं सांगू? तू डोक्यावर कधी काही घेतलंयस? नाय ना, तुम्ही पोरी दप्तरपण पाठीला लावता. मी लग्न झाल्यापासून पाटी वाहिली. पाटी डोक्यावर असली की मान हलत नाय. वळायचं असलं तर पायाने वळायचं, मान आपली खांबासारखी सरळ. आणि ही गाडी वळताना काय मागते — अंग आत टाकायला मागते. नाय टाकलंस तर आतलं चाक उचलतं, पेटी बाहेर ओढते. हितेश मागून ओरडायचा, आई, अंग टाक, अंग टाक आत. मी टाकणार कसं? मला वाटायचं पाटी पडेल. हसू नको, खरं सांगते — पाटी घरी पालथी पडलेली, माहीत आहे मला, तरी वाटायचं पाटी पडेल. आणि खड्डा आला की माझा हात हँडल सोडून वर जायचा. डोक्यावर. धरायला. एकदा दोन्ही हात गेले, गटारात पडलो असतो मायलेक. मग त्याने मागून हात घालून ब्रेक दाबला, खाली उतरला आणि माझा हात हातात घेऊन बोलला, आई, डोक्यावर काही नाय आता. उतरलं सगळं. किती प्रेमाने बोलला. वाईट नाय माझा मुलगा. कुणी त्याला वाईट म्हटलं तर मी ऐकून घेणार नाय.

पोटातलं काढून टाकू ना? डोकी ठेवू की काढू? ठेवते, आई सार करेल.

झाली आता सवय. वळते, अंग टाकते, उतारावर ब्रेक धरते. एकच आहे की ही मागे येत नाय. हिला रिव्हर्स नाय. तुझ्या बाबांच्या बाईकलापण नसेल, पण ते खाली उतरून दोन पायांनी मागे घेतात. मी कशी घेणार? गुडघ्यात पट्टी बसवलीय, स्क्रू आहेत. म्हणून त्याचा नियम — मेन रोड सोडायचा नाय, गल्लीत शिरायचं नाय, अडकलीस तर कोण काढणार. आणि खरंच आहे ते. बघ ना आता, पुढे तुमची भिंत, इकडे बाईक लावलेल्या, तिकडे टँकरचा पाईप पडलाय. आली खरी आत. येताना दिसलं नव्हतं असं नाय.

गुडघा? पडले ना. जिन्यावरून. घरी काय सांगितलंय, की स्टेशनच्या पुलावरून पडले. हितेशने त्या पुलाला किती शिव्या दिल्या, अर्जपण करणार होता, मीच नको म्हटलं. पण जिना पुलाचा नव्हता. हा होता. तुमचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये कठडा तुटलाय ना, अजून तसाच असेल — आहे ना? तिथे. तू दुसऱ्या मजल्यावर राहतेस म्हणालीस, मग आवाज आला असेल तुम्हाला. सगळी पापलेटं पार खाली दारापर्यंत आलेली. कुणीतरी पाणी आणून दिलं, तुझी आईच असेल, हिरव्या गाऊनमधली. तिला सांग, सरोज कोळणीने आठवण काढली. नको — राहू दे, नको सांगू काही.

मी काय सांगत होती? पाटीचं. पाटी जड असते गो, डोक्याला खड्डा पडतो. पण एक असतं बघ — कोळीण कुठल्याही दारात उभी राहिली तरी तिला कुणी विचारत नाय, तू इथे का. वॉचमन विचारत नाय, शेजारी विचारत नाय. तिसऱ्या मजल्यावर गेली? मासे द्यायला गेली असेल. आत बसली? पाणी प्यायला बसली असेल. तासभर बसली तरी कुणाला काही नाय. आणि घरी कुणाला कळत नाय की आज तुमच्या दिव्याला गेली की कोपरला गेली, पाटी रिकामी झाली म्हणजे धंदा झाला. आता बघ — ह्या सीटच्या खाली एक डबी बसवलीय काड्यापेटीएवढी. चोरीला जाऊ नये म्हणून. त्याच्या मोबाईलवर निळा ठिपका दिसतो. मी चालले की ठिपका चालतो, मी थांबले की थांबतो. नेहमीपेक्षा जास्त थांबले की फोन. आई, काय झालं? आई, ठीक आहेस ना? काळजीच आहे ती, दुसरं काय. पण मला रात्री झोपेतपण वाटतं, मी कूस बदलली तर ठिपका हलेल.

फोन आहे की माझ्याकडे. त्याच्याच नावावर आहे, गिऱ्हाइकांचे पैसे त्याच्यावर येतात, तोच बघतो. एक नंबर त्याने बंद करून टाकलाय त्यातला. मला तो पाठ नाय. तुम्हाला शाळेत पाढे पाठ करायला लावतात ना, मला कुणी ते दहा आकडे पाठ करायला लावले असते तर बरं झालं असतं.

समिधा, एक काम करशील? वर बघ जरा. अशी नको, सहज बघ, पाऊस येतोय का बघतात तसं. तिसरा मजला, डावीकडची गॅलरी. मी बघत नाय, तू बघ. कपडे वाळत घातलेत? कसले? लहान? अगदी लहान — हातभर — लंगोटपण आहेत? मी दिलेलं पिवळं झबलं आहे का एक? नाय दिसत. असू दे, जुनं झालं असेल, कपडे लगेच लहान होतात त्यांना.

मुलगी आहे माझी. दक्षता. तू बघितली असशील जिन्यात, उंच आहे, चालताना पाय आपटते, लहानपणापासून, किती सांगितलं तरी. हितेशच्या पाठची. त्याने स्थळ आणलेलं, आमच्यातलंच, ठाण्याच्या कोळीवाड्यातलं, चांगलं घर. आणि ही गेली आणि राजरत्नशी लग्न करून आली. पोरगा आमच्यातला नाय. म्हणून. नायतर काय कमी आहे त्याच्यात? लॅबमध्ये रक्त तपासतो, मी आले की पाटी स्वतः उतरवून घ्यायचा, कपड्यांना वास लागेल म्हटलं तरी. हितेश दारात उभा राहून बोलला, "तिच्या घरी गेलीस तर माझ्या घरी येऊ नको." नवरा नाय मला, एक तेच घर आहे. त्याला वाटतं ती अजून आंबिवलीला आहे, पहिल्यांदा तिथेच भाड्याने राहायची. दिव्याला आल्याचं त्याला माहीत नाय, म्हणून तर मला दिव्याच्या मेन रोडला लावलं गाडीवर — नवीन बिल्डिंगा झाल्यात, गिऱ्हाईक मिळेल. मी मान डोलवली. कधी नाय ती मान हलली बघ.

मी पडले तेव्हा तिला सहावा महिना होता. मग माझं ऑपरेशन, मग ही गाडी. बाळ झाल्याचं जनाबाईने सांगितलं, ती इथे पाटी घेऊन येते अजून. मुलगी झाली म्हणाली. कोणासारखी ते तिला सांगता आलं नाय, बाई विसराळू आहे. आणि ह्या निळ्या पिशवीत मुडदुशे मासे आहेत, समजलं? बाळंतिणीला देतात, दूध येतं. पहिल्या महिन्यात द्यायला पाहिजे होते. रोज घेते, बाजूला ठेवते, मेन रोडवरून तुमच्या गल्लीचं तोंड येतं आणि जातं, संध्याकाळी मी ते पिशवीसकट दुसऱ्याला विकते. आज हँडल वळलं. मी वळवलं की आपोआप वळलं ते नको विचारू. अंग टाकलं आत, एवढं खरं.

तर तू काय कर, हे तुझे बांगडे घे आणि ही पिशवी वर दक्षताला नेऊन दे. जास्त बोलायचं नाय, तुला तसंही बोलायला नको असतं दिसतंय. हळद-मीठ लावून ठेव म्हणावं. आणि मी खाली आहे हे —

थांब. वाजला. बघ, वाजलाच.

हां, बोल रे. हो. गिऱ्हाईक आहे. — अरे आतच जरा, गल्लीत, एक मुलगी आहे, तिच्या आईला बांगडे पाहिजे होते. — नाय रे, पडले नाय. ती गाडी मागे येत नाय ना, म्हणून थांबली आहे, कुणीतरी ढकलेल. — नको. तू कशाला? — हितेश, ऐक, तू नको येऊ, ही मुलगी आहे ना — हॅलो. हॅलो.

येतो म्हणाला. शीळफाट्याला आलाय बर्फ घ्यायला, दहा मिनिटं. तिथून हलू नको म्हणाला, ठिपका दिसतोय मला. बघ, मीच बोलले ना मागे येत नाय म्हणून. खोटं सुचलं नाय, नेमकं खरं तेच तोंडातून आलं. आला आणि दक्षताला बघितलं तर — गाडी विकेल. बोललाय तो, नियम मोडलास तर गाडी विकून टाकीन, घरी बस. घरी बसू? गुडघा असा, पाटी उचलत नाय, गाडी पण नाय. खिडकीतून खाडी बघत बसू मरेपर्यंत?

ऊठ गो, दप्तर ठेव बाजूला. पुढे ये, माझ्यासमोर. इथे हात लाव, हेडलाईटच्या खाली, आणि मागे ढकल. मी ब्रेक सोडते. बर्फ अर्धा वितळलाय, जड नाय जाणार. हां. येते. येते बघ. थोडी डावीकडे — पाईप आहे, सांभाळ. पिशवी नंतर ने, तो गेल्यावर ने. आधी मला रोडला लाव, तोंड दिसलं रोडचं की मी — 

खड्डा. बघितलंस? गेला हात वर. डोक्यावर. हेल्मेटला धरून बसली मी, काय म्हणावं. तुझी मान का वर? वर काय आहे? गॅलरीत कोण आहे? उंच? कडेवर आहे तिच्या? माझ्याकडे बघते? हेल्मेट आहे गो माझ्या डोक्यावर, वरून कोण ओळखणार — हात. हात बघितला तिने. त्या हातानेच तिला शाळेत सोडली मी, एक हात पाटीला, एक हात तिला.

आहे अजून? का नाय? आत्ता होती ना? नीट बघ. दार वाजलं ते कुठलं? ऐकू येतं? पाय आपटत येते. बाळ घेऊन उतरते, त्या तुटक्या कठड्याजवळून, अक्कल नाय हिला.

नको ढकलू. समिधा, सोड. हात काढ. राहू दे इथेच. तो येतोय, येऊ दे. ती येते, तिलापण येऊ दे. गाडी मागे येत नाय, मी काय करू? विचारलं कुणी तर हेच सांगणार. 

हे धर, तुझे बांगडे. हेल्मेट पण धर, तिथे पायरीवर ठेव. आणि जा तू घरी, आई वाट बघत असेल. जिन्यात भिंतीला लागून चढ. तिला वाट दे.