आकडा जुळेपर्यंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारागृहाचे सन्माननीय अधीक्षक साहेब, व्यासपीठावर बसलेले मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो आहोत त्या आमच्या ग्रंथपाल बाई, बाईंच्या घरची मंडळी, माझे गणवेशातले सहकारी, आणि मागच्या सहा रांगांत बसलेले वाचक मंडळाचे सभासद –

सभासद म्हटलं मी, बंदी म्हटलं नाही. ग्रंथालयाच्या उंबऱ्याच्या आत बंदी हा शब्द चालणार नाही, असा बाईंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक आहे. आज हा सभागृहाचा उंबरा असला तरी बाई समोर आहेत, तेव्हा सांभाळून बोललेलं बरं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या सव्वीस वर्षांच्या सेवेचा आढावा घेतला. किती पुस्तकं आली, किती जण साक्षर झाले, हे सगळं तुम्ही ऐकलंत. मी वक्ता नव्हे. मी गणती करणारा माणूस. सकाळी आणि संध्याकाळी माणसं रांगेत उभी करायची, मोजायची, आकडा लिहायचा, सही करायची. एवढ्यावर माझी हयात गेली. म्हणून मी फक्त एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे. बाईंची परवानगी मी काल घेतली. त्या म्हणाल्या, "सांगायचंच असेल तर पूर्ण सांगा. अर्धं सांगणार असाल तर माझं कौतुक करा आणि बसा."

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुवारी दुपारी वाचक मंडळ भरायचं आणि दाराशी एक रक्षक लागायचा. ते काम मी मागून घेतलं होतं. वाचनाची आवड म्हणून नव्हे. तिथं बसायला खुर्ची होती. बाई दर आठवड्याला एका पुस्तकाची चार-पाच पानं मोठ्यानं वाचत, आणि मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत असे.

त्या हिवाळ्यात बाईंनी एका ज्यू बाईचं आत्मकथन घेतलं. महायुद्धाच्या काळात नाझींच्या छळछावणीत ती पावणेदोन वर्षं होती. आत गेली तेव्हा एकोणीस वर्षांची, शिवणकाम करणारी मुलगी. सोबत थोरली बहीण. दोघींत मिळून एक चमचा. पुस्तक लिहिलं तेव्हा ती नातवंडांची आजी झाली होती, पण कुठं रडारड नाही, आरडाओरडा नाही. एखादा सदरा कसा बेतला ते सांगावं, तसं तिनं सांगितलं होतं.

माझं शब्दकोडं तिसऱ्या गुरुवारी सुटायचं थांबलं, कारण त्या दिवशी गणतीचं पान आलं.

पाच-पाचच्या रांगा. बर्फ. एक बाई कमी भरत होती, म्हणून हजारो बायका सकाळपासून उभ्या. थोरलीला ताप होता. धाकटीनं तिला रांगेत मधोमध घेतलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खांद्यांचा आधार मिळेल. शेवटी कमी पडलेली बाई सापडली. ती आपल्या झोपायच्या फळीवरच मरून पडली होती. तोवर थोरली खाली कोसळली होती. आणि मग ती लिहिते: आम्हाला मोजणाऱ्या माणसाला राग आलेला नव्हता. त्याला सर्दी झाली होती. आकडा जुळला की तो जेवायला जाणार होता.

बाई तिथं थांबल्या. पहिल्या बाकावर कुबडी टेकवून आमचे पाववाले आजोबा बसले होते. बाहेर असताना त्यांची बेकरी होती, म्हणून पाववाले. त्यांनी जे केलं होतं ते केलं होतं आणि त्याची शिक्षा ते भोगत होते. पण कुबडी त्यांच्या शिक्षेत लिहिलेली नव्हती.

आता ती कुबडी कशी आली, ते सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत, चौथ्या बराकीची सकाळची गणती मी घेत होतो. एक माणूस कमी. पुन्हा मोजलं, एक कमी. नियमाप्रमाणे सगळे उभे. तासाभरानं मी रुमाल काढायला खिशात हात घातला आणि हाताला चिठ्ठी लागली. पहाटे एकाला पोटदुखीमुळे इस्पितळात नेलं होतं, त्याची चिठ्ठी. मला दिलेली, मीच खिशात ठेवलेली.

आता साधी गोष्ट होती. चूक झाली म्हणायचं आणि माणसांना आत सोडायचं. मी तसं केलं नाही. दोनशे माणसांसमोर खिशातून चिठ्ठी काढायची मला लाज वाटली. मी आणखी दोनदा मोजलं, मग इस्पितळात विचारून यायला माणूस पाठवला. तो निरोप घेऊन येईपर्यंत वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत आजोबा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. अहवालात मी लिहिलं, 'फरशी ओली असल्याने पाय घसरला.' कोणी काही विचारलं नाही.

तर त्या गुरुवारी बाईंनी पुस्तक मिटलं तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "बहिणीचं काय झालं?"

"पुढच्या गुरुवारी," बाई म्हणाल्या.

मी ते पुस्तक घरी मागून नेलं. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून संपवलं. समोर आमच्या सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. मी त्यांना चिठ्ठीचं सांगितलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही वर्षभर मलासुद्धा सांगितलं नव्हतंत?"

सोमवारी मी ग्रंथालयात गेलो. म्हटलं, "बाई, हे पुस्तक तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम निवडलंत का?"

"नाही. यादीत पुढचं होतं. का, काय झालं?"

मी सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हे बघा, आपलं कारागृह म्हणजे ती छावणी नव्हे. तिथली माणसं काहीही न करता आत होती आणि त्यांना मारायलाच आणलं होतं. दोन्हींची बरोबरी केलीत तर त्या लेखिकेचा अपमान होईल. आणि तुम्ही त्या मोजणाऱ्यासारखे आहात की नाही, हे मला विचारू नका. मला ते ठरवता येणार नाही."

"मग मी करू काय?"

"मी ग्रंथपाल आहे. मी पुस्तक देते आणि परत घेते. गुरुवारी मला ते लागेल."

सभ्य स्त्री-पुरुषहो, तुमच्यापैकी कोणाला इतक्या थोडक्यात कोणी घराबाहेर काढलंय का?

मंगळवारी मी तेव्हाच्या अधीक्षक साहेबांकडे लेखी जबाब दिला. ते म्हणाले, "आता हे उकरून कुणाचं भलं होणार?" मी म्हटलं, "अहवाल खोटा आहे साहेब, तो दुरुस्त व्हावा." चौकशी झाली. मला गणतीवरून काढून वर्षभर कोठाराच्या दारावर बसवलं, आणि बढती तीन वर्षं लांबली. तक्रार नाही, ते योग्यच झालं. अपघात कर्मचाऱ्याच्या चुकीनं झाला अशी नोंद झाल्यामुळे आजोबांची रखडलेली शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळात झाली. ते पुढं कुबडीशिवाय चालले, थोडे लंगडत.

बुधवारी मी आजोबांना गाठलं. म्हटलं, "त्या दिवशी चिठ्ठी माझ्या खिशात होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी पहिल्या रांगेत होतो. तुमचा हात खिशात गेला तेव्हाचा तुमचा चेहरा बघितला मी. वाटलं, आता सोडतील."

मी माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते पुस्तक तुम्ही पूर्ण वाचलंत म्हणे?"

"हो."

"बहिणीचं सांगू नका. बाईंकडूनच ऐकेन."

गुरुवारी बाईंनी पुढचं पान वाचलं. बहीण जगली नाही. आजोबा म्हणाले, "हिनं लिहून ठेवलं, हे बरं केलं." आणि कुबडी घेऊन ते बराकीकडे गेले. चार वर्षांनी सुटले, सुटल्यावर आणखी दोन वर्षं जगले. माझ्या माफीचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

बाई, तुम्ही मला उपदेश केला नाहीत, धीर दिला नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाहीत. त्याबद्दल मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. आयोजकांनी माझ्यासारख्याला बोलायला उभं केलं, अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे न पाहता बोलू दिलं, सभासदांनी शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचे आभार.

भाषण संपवताना चूकभूल पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते जरूर पोटात घाला, तेवढं तुमच्या हातात आहे. वीस मिनिटांबद्दल मात्र मी तुमच्याकडे काही मागत नाही. ते ज्यांच्या हातात होतं, त्यांना माझं विचारून झालं आहे.

नमस्कार.