नामदेव मिस्त्रीची बोट

मजबूत काम कसं असते, थे मले विचार बे. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी मेहकरले तहसीलमध्ये कारकून होतो. पुरातून माणसं काढाले सरकारनं फायबरची बोट देल्ली होती. थे कचेरीमागं पडून पडून आतलं लाकूड सडलं अन् बुडाले चीर पडली.

अशात बुलढाण्याचे मोठे साहेब तपासणीले येऊन राह्यले, अशी तार आली. बोटीचा मिस्त्री आणा कुठून? बैलगाड्या बनवणाऱ्या नामदेव मिस्त्रीले बोलावलं. त्यानं चिरेवर फायबरचा कपडा इमानदारीनं चिकटवला. मंग सडकं लाकूड काढून बाभळीच्या जाड फळ्या टाकल्या, वरून गाडीच्या लोखंडी पट्ट्या ठोकल्या.

मी म्हटलं, "मिस्त्री, एवढं वजन काऊन?"

"बाबू, माही गाडी वीस पोते नेते. थे काय हलक्या लाकडावर?"

साहेब आले, तवा बोट पाण्यात टाकून दाखवाले गावाच्या तलावावर बैलगाडीतूनच न्या लागली. साहेब तलावाच्या बांधावर, पाळीवर उभे राहून मले म्हणे, "बसा." मले पोहता येत नव्हतं, तरी जीव मुठीत धरून बसलो. मिस्त्री मात्र बिनधास्त बाजूले येऊन बसला. बोटीच्या काठावरून पाणी आत आलं अन् आमच्यासकट बोट खाली गेली. नशीब, पाणी छातीइतकंच होतं.

साहेब भडकले. मिस्त्री पाण्यातूनच म्हणे, "साहेब, बुडाली खरी, पण एक खिळा तरी निघाला काय?"

साहेबालेही वर जबाब देणं होताच. त्यानं अहवालात लिहिलं, "दुरुस्ती मजबूत आहे. बोट तलावात कायमस्वरूपी तैनात करण्यात आली आहे."