हजार मीटरच्या वर

— नाही हो, खोट कसली? या स्की वापरलेल्या आहेत म्हणून स्वस्त, बाकी काही नाही — आणि वापरल्या म्हणजे तरी किती, एकाच माणसानं, एकच मोसम, तोही पुरता नाही. बसा ना त्या बाकावर. बूट द्या इकडे, एकच पुरे. स्कीवरच्या या चापाचा टाचेचा भाग जरा मागे सरकवायचाय, तुमचा पाय त्याच्यापेक्षा — आधीच्या माणसापेक्षा मोठा आहे. थोडं थांबा, झालंच. तुमचे भाऊ थांबतील की वर. सकाळी मीच दिली ना त्यांना जोडी, त्या भिंतीवरची, कोरी करकरीत — लाल टोपी, सारखं हसणं, ते तुमचेच भाऊ ना? आल्या आल्या मला 'तू' म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, मंत्री असो नाहीतर गुराखी, पण हे दुकान आहे नऊशे साठवर, इथे अजून 'तुम्ही'च चालतं. तर म्हणतात कसे, "मग लवकर वर ये!" गमत्या माणूस. तुमच्याहून धाकटे? वाटलंच. धाकटे असेच असतात, पुढे पळतात आणि थोरल्यांना धावायला लावतात. मीही धाकटाच.

वजन किती म्हणालात? … बरं. चाप किती घट्ट ठेवायचा ते वजनावर ठरतं, मी चार किलो जास्त धरतो. रागावू नका, इथे सगळेच पुरुष वजन चोरतात आणि अक्कल फुगवतात. स्कीवर कसे आहात विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, "चांगला." "बरा" म्हणणारा माणूस मी आजवर बघितला नाही.

धंदा? धंद्याचं काय विचारता — ती खिडकी बघा आणि मला सांगा. तपकिरी कुरण, आणि मधून तो पांढरा पट्टा, यंत्रानं फवारलेल्या बर्फाचा, जखमेवर पट्टी बांधावी तसा. आणि हा फेब्रुवारी आहे, फेब्रुवारी! त्या पट्ट्यावरून घसरायला लोक दिवसाचं जे तिकीट काढतात ना, तेवढ्यात चौघांचं घर पोटभर जेवेल. मग काय, येतच नाहीत. उताराच्या साध्या स्की — त्या तिकडच्या, लाल चिठ्ठ्यांवाल्या — नाताळाच्या आतच अर्ध्या किमतीला काढल्या, तरी कुणी बोट लावत नाही. पोरांच्या तर कुणी विकतच घेत नाही, आठवड्यापुरत्या भाड्यानं नेतात. समोरच्यानं दुकान बंद करून बॅटरीच्या सायकली ठेवल्या, आणि तो आता आमच्याकडे बघून हात हलवतो, हसतो मेला. आज बुर्गीमावशी नाही दुकानात ती त्यासाठीच, गावाची सभा आहे, स्कीवाल्यांना उतारावर ओढून नेणारी ती खालची लिफ्ट ठेवायची की भंगारात द्यायची. ही मालकीण, आईची मामेबहीण. सकाळी जाताना म्हणाली, "गिडी, ती जोडी आज काढ. विचारलं तर सांग, वापरलेली. जास्त बोलू नकोस." तुम्हीच सांगा, मी जास्त बोलतो का?

पण चढाईच्या स्की! त्यांचं वेगळंच. आजाराच्या साथीत लिफ्टी बंद पडल्या, तेव्हा लोकांना शोध लागला की डोंगर पायानंही चढता येतो. मग खाली बर्फच पडेना, तर जिथे बर्फ आहे तिथेच जाऊ, आणखी वर, आणखी वर. कंपनीचा माणूस आला, दात पांढरे, बूट पांढरे, मावशीला म्हणाला, "लिफ्ट मेली, बुर्गी. चढाई जिवंत आहे." आणि त्यानं काय विकलं माहितीये? ग्रॅम. हो, ग्रॅम! गेल्या वर्षीपेक्षा इतके ग्रॅम हलकी, पुढच्या वर्षी आणखी इतके. लोक स्वतःच्या पोटावरचे दहा किलो डोंगरावर नेतात आणि बाइंडिंगमध्ये, म्हणजे या चापात, तीस ग्रॅम वाचले म्हणून पैसे जास्त मोजतात. मावशीनं सगळं दुकान त्या एका मॉडेलवर लावलं, आणि खपलं हो, हातोहात खपलं! अख्ख्या खोऱ्यात माल शिल्लक नाही, कंपनी म्हणते आता शरदातच. भिंतीवर त्या चार राहिल्यात आणि ही तुमची. म्हणून तर काढली. नाहीतर कशाला काढली असती.

पन्हळ ऐकताय? टपटप. दक्षिणेचा गरम वारा सुटलाय रात्रीपासून. मला असा वारा आवडत नाही, डोकं जड होतं, गाई दूध चोरतात. बाहेरच्या फळ्यावर आज हिमलोटाचा धोका तीन लिहिलाय, बघितलंत ना? पाचातले तीन. शाळेत मला तीन मिळाले की आई जर्दाळूचे गोळे करायची — फारदा करावे लागले नाहीत तिला. तीन म्हणजे मधलं, ठीकठाक, असं वाटतं माणसाला. चार असले की लोक घरी बसतात. तिनाला जातात. तिनाला गेला तोही.

कोण? कोणी नाही. ही खिट्टी बघा, ही महत्त्वाची, पुढची. चढताना खिट्टी वर, म्हणजे बूट स्कीत घट्ट. उतरताना खिट्टी खाली, म्हणजे तुम्ही पडलात तर स्की पायातून सुटते. सुटलीच पाहिजे. हिमलोटात सापडलात आणि स्की पायाला तशीच राहिली, तर ती नांगरासारखी खाली ओढते, माणूस वर येत नाही. चढून दमलेला माणूस हीच चूक करतो, खिट्टी वरच विसरतो. म्हणून कास्पर गिऱ्हाइकांना फुकट वर न्यायचा आणि उतरायच्या आधी ओरडायचा, "खिट्टी?" — आणि सगळ्यांनी ओरडायचं, "खाली!" म्हाताऱ्या, डॉक्टर, पोरं, सगळ्यांनी. कुणी हळू बोललं तर परत. आम्ही घरात जेवायला बसलो तरी तो मला विचारायचा, "गिडी, खिट्टी?" आणि मी सूप पिता पिता, "खाली, बाबा, खाली!"

तो गाईचा स्टिकर खरवडू नका. राहू द्या. … चीजच्या डब्यावरचा आहे. कास्परनं लावला, म्हणजे गर्दीत आपली स्की ओळखू येते म्हणाला. हो, त्याचीच. माझा भाऊ. आता कळलं ना का स्वस्त? मावशीनं जास्त बोलू नको सांगितलं होतं, आणि मी — असू दे. गेल्या महिन्यात हिमलोटात गेला. पोलिसांनी स्की दुकानात परत दिल्या, दुकानाच्याच होत्या, चाचणीच्या, त्यानं मोसमभर वापरून गिऱ्हाइकांना दाखवायच्या होत्या. मागच्या खोलीत कांबळ्याखाली पडून होत्या. मी त्या खोलीत जातच नव्हतो. आज तुम्ही मागितल्यात तेव्हा पहिल्यांदा हात लावतोय. खरं सांगू, मला वाटलं घेऊन जावं कुणीतरी, डोळ्यांसमोरून जावं.

खिट्टीचं मला आल्फोन्सनं सांगितलं — हा बचाव पथकाचा म्होरक्या. चर्चच्या पायऱ्यांवर, कास्परची शवपेटी अजून आत होती. "खिट्टी वर होती, गिडी. दोन्ही पायांच्या. मी स्वतः बघितलं." मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. काळ्या कोटात, सगळ्या गावासमोर. त्याचा दात हलला, तो रुमाल धरून उभा राहिला. आणि दफनानंतरच्या जेवणाच्या वेळी मागच्या बाकावर कुजबुज — लोकांना शिकवायचा आणि स्वतःच विसरला, तरण्याताठ्याची मस्ती, दुसरं काय. मस्ती! कास्परला? जो रस्त्यावर गाडी नसतानाही दोन्हीकडे बघायचा? पण मग मलाही वाटायला लागलं ना. रात्रभर वाटायचं. खिट्टी वर होती तर होती, आल्फोन्स खोटं कशाला बोलेल. मी आईच्या कबरीशेजारी त्याच्यावर माती टाकली आणि मनात म्हटलं, गाढवा. एवढं एक करायचं होतं तुला, गाढवा.

जाऊ द्या. झालं बघा तुमचं. आता एकच चाचणी. बूट बसवला. खिट्टी खाली, टक्. आता मी बुटाला बाजूनं हाताचा तडाखा देणार आणि बूट सुटून बाहेर यायला हवा. असा —

नाही सुटला.

थांबा. खिट्टी वर आहे. मी खाली केली होती ना? आवाज आला ना तुम्हाला? बोलण्याच्या नादात — परत करतो. ही बघा, खाली. टक्. बोट काढलं. तुम्हीही बघा, उठा, इकडे या, जवळून बघा. आता तडाखा —

वर.

आपोआप. हात लावला का कुणी? नाही लावला. परत. टक्. खाली. तडाखा. वर. उडी मारून वर येते, पातळ केलीय ना, ग्रॅम वाचवले ना, धक्का बसला की धरतच नाही, उलटी उडते आणि बूट आवळते. म्हणजे त्यानं खाली केली होती. कास्परनं खाली केली होती! एकटा होता तरी ओरडला असणार, "खिट्टी?" आणि स्वतःच "खाली!" — आणि पहिल्या वळणाच्या धक्क्याला ही — आणि मी त्याला — अरे देवा, मी त्याला काय काय —

थांबा. एक मिनिट. भिंतीवरची द्या. कुठलीही. द्या ना! ही कोरी आहे, अजून बर्फ बघितला नाही हिनं. बूट. टक्. खाली. तडाखा —

वर. दुसरी द्या. टक् —

वर.

तुमच्या भावाला मी यातलीच दिली. सकाळी. याच खुंटीवरची. चाचणी केली होती, आम्ही करतोच, एक तडाखा, सुटली होती. कधी धरते, कधी धरत नाही. कुठे गेलाय तो? खिंडीच्या मागे? त्या उतारावर? आज, या वाऱ्यात? पाकीट राहू द्या, फोन काढा. फोन काढ. हो, तू. आता 'तुम्ही' नाही. लाव फोन. वाजतोय? वाजू दे. परत लाव. त्याला म्हणावं उतरू नकोस, स्की पायातून काढ, खांद्यावर घे आणि ज्या वाटेनं चढलास त्याच वाटेनं पायी ये —

उचलला? सांग! … काय म्हणतो? खिट्टी खाली आहे म्हणतो? हसतोय? अरे, खाली आहे हे मलाही ठाऊक आहे! माझ्या भावाचीही खालीच होती! दे इकडे — नको, तूच बोल, तुझं ऐकेल, तू थोरला आहेस, धाकटे ऐकतात थोरल्यांचं, मी ऐकायचो — दरडाव त्याला, शिवी दे, आईची शपथ घाल! … निघाला? निघाला म्हणजे काय, निघाला? फोन खिशात टाकला? बंद नाही ना केला? मग कानाला धर. ठेवू नकोस. काय ऐकू येतंय? स्कीचा आवाज? अजून येतोय? … येतोय ना? … आता?

काय झालं? बोल ना.

अरे, बोल की.