फिटरची बटाट्याची तोफ

आणि वर मलाच म्हणतात, म्हातारपणी हे काय चाळे... अहो, या अख्ख्या भागात माझ्याइतका लांब बटाटा कोणी मारलेला नाही, छातीवर हात ठेवून सांगतो. आता मारणारे आम्ही इनमिन दोघं, आणि तो दुसरा दर वेळी माझ्या चाळीस पावलं पुढे जायचा, ते सोडा.

दुसरा म्हणजे माझा शेजारी, फिटर. कोणाची मोरी तुंबली की चाळीस वर्षं हाच. मी शिंपी, चौथीत दोनदा नापास, दोन्ही वेळा मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला म्हणून. तर या फिटरने उरल्यासुरल्या पाइपांची तोफ केली. जाड पाइपात सायकलच्या पंपाने हवा कोंडायची, पुढच्या लांब पाइपात बटाटा ठोकून बसवायचा, मधला कॉक फटकन फिरवायचा... धप्प! बटाटा मागच्या ओसाड माळावर. दर रविवारी दुपारी, बावीस वर्षं. लोक म्हणायचे, रिकामटेकडे. असू रिकामटेकडे, पण तुम्हाला सांगतो, बटाट्याचा त्यात काय दोष?

बटाटे द्यायच्या वहिनी, म्हणजे फिटरची बायको. मोड आलेले, हिरवे पडलेले, तेवढेच. म्हणायच्या, "चांगल्याला हात लावलात तर ताटात पाइप वाढीन." पण मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या, आणि बटाटा पडला की त्यांचा आकडा यायचा, "एकशे दहा पावलं." नुसत्या नजरेने, बरं का! आकडा येईपर्यंत आम्ही दोघं श्वास धरून गप्प. मग मी पावलं मोजत जायचो, त्यांना खोटं पाडायला. एकदाही चुकीच्या सापडल्या नाहीत.

वहिनी गेल्या... सहा महिने झाले. तापाने गेल्या, चार दिवसांत. आणि लोक काय म्हणाले, तर त्या तोफेच्या दणक्यांनी बाईचं काळीज कमजोर झालं. अहो, ताप होता ताप, बटाट्याचा त्यात काय दोष?

त्या गेल्या आणि फिटरचं बोलणं बंद झालं. एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. मग मी जायला लागलो, रोज, सकाळी चहाला जो बसतो तो त्याच्या जेवणापर्यंत, आणि बोलतो, बोलतो, बोलतो... चहात मीठ घातलं, तो प्याला. चपला डिंकाने जमिनीला चिकटवल्या, अनवाणी गेला. पाणीखात्याचा साहेब होऊन दारात उभा राहिलो, नाकातून आवाज काढून, "तुमची जोडणी बेकायदेशीर आहे." याने कागद बघायला हात पुढे केला. नुसता हात!

गेल्या आठवड्यात त्याची लेक आली. नोकरी लांबच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. म्हणाली, "काका, सोमवारी बाबांना घेऊन जाते. रोज विचारते, यायचंय की राहायचंय. राहायचं म्हणाले तर राहू देत. पण तोंडातून शब्द तर निघू दे."

पोरीचं काय चुकलं? न बोलणाऱ्या माणसाला एकटं ठेवायचं कसं? पण तो गेला तर मी बोलायचं कोणाशी? भिंतीशी?

म्हणून रविवारी दुपारी तोफ काढली. सहा महिन्यांची धूळ. बटाटे वहिनींच्या टोपलीतलेच, सुरकुतून अक्रोडाएवढे झालेले, कोणाला टाकू दिले नव्हते त्याने. फिटरला त्याच खुर्चीत आणून बसवला. बटाटा भरला तर पाइपात खुळखुळतोय, जोडातून हवा सुसकारतेय, आणि माझं तोंड चालूच, आता बघ, आता तुझा विक्रम मोडतो, आता बघच... फिरवला कॉक.

फुस्स. बटाटा बाहेर आला आणि तिथेच पुढ्यात पडला. बटाट्याचा तरी त्यात काय दोष?

आणि मी गप्प झालो. सवयीने हो, आकडा यायचा होता ना... मग लक्षात आलं, आकडा कुठून येणार? तोंड उघडलं तर शब्द फुटेना. माझ्या तोंडून!

"दोन पावलं," फिटर म्हणाला.

गंजलेला नळ सुटावा तसा आवाज. आत लेकीच्या हातातलं भांडं पडलं, ती धावत आली, बाबा, काय म्हणालात? तर हा म्हणतो, "दोन. दीडच असेल." मग तिच्याकडे बघून हळूच, "मी इथेच राहतो गं."

ती रडायला लागली. माझ्या डोळ्यात धूळ गेली. आणि मग असा राग आला मला... सहा महिने! सहा महिने घसा फोडतोय मी इथे, आणि हा...

म्हटलं, "गाढवा, बोलता येत होतं तर आधी का नाही बोललास?"

त्याने वाकून बटाटा उचलला, सदऱ्याला पुसला आणि टोपलीत परत ठेवला.

"तू थांबलास का कधी?"