धाडची न झालेली बैठक

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, श्रमिक लोकपक्षाचे जिल्हाध्यक्ष माननीय भगवानराव साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते दैनिक 'पैनतीर'चे संपादक आदरणीय पंजाबराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, सूत्रसंचालन करणाऱ्या वंदनाताई, जिल्ह्यातून आलेले पत्रकार बंधू-भगिनी, पक्षाचे कार्यकर्ते, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे असलेले सगळे. सर्वांना सविनय जय भीम, नमस्कार.

मी सुवर्णा सरकटे. 'पैनतीर'चे धाडचे वार्ताहर दिवंगत प्रसेनजित सरकटे यांची पत्नी. मी आरोग्य केंद्रात औषधं देते. खिडकीतून सांगायचं, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर. त्यापलीकडे लोकांसमोर बोलायची मला सवय नाही. माईक थोडा खाली करता का? हं, ठीक आहे.

मला बोलायला सांगितलं ते पक्षाचे प्रसिद्धीप्रमुख हर्षलभाऊंनी. फोनवर म्हणाले, "वहिनी, सरांबद्दल दोन शब्द बोला. चांगलं बोला." मी हो म्हटलं. फोन ठेवताना पुन्हा म्हणाले, "चांगलंच बोला हं." निरोपाच्या कार्यक्रमात कोणी वाईट बोलतं का? मग हे दोनदा काऊन सांगावं लागलं, हा विचार मी धाडपासून इथपर्यंत एसटीत बसून करत होते.

तर आधी चांगलं, आणि ते खरं आहे. यांना लिहायला सरांनी शिकवलं. यांची पहिली बातमी धाडच्या बाजारातल्या पाण्याच्या टाकीची होती. सरांनी ती परत पाठवली आणि विचारलं, "टाकी पाहिली का तू?" यांनी पाहिली नव्हती. गेले, वर चढले, पाहून आले, पुन्हा लिहिली. तेव्हापासून यांची ती सवयच झाली. न पाहता लिहायचं नाही. तालुक्याच्या वार्ताहरांच्या बातम्या नाव न टाकता छापायची पद्धत असताना, यांचं नाव छापायला सुरुवात केली तीही सरांनी. त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले होते. हे मी विसरलेली नाही.

पक्षाच्या बातम्या हे आपल्याकडचं अवघड काम. आतमध्ये बैठक चाललेली असते, पत्रकार बाहेर गाड्यांच्या सावलीत उभे. मग दार उघडतं, एक जण बाहेर येतो आणि सांगतो, "एकमताने ठरलं." यांना तो शब्द आवडत नसे. म्हणायचे, "एकमत होतं तं बैठक काऊन बोलावली?" आणि विचारायचे, आत किती जण होते, बोललं कोण, गप्प कोण बसलं.

भगवानराव साहेब इथे आहेत, त्यांना आठवत असेल. एकदा ते आमच्या ओट्यावर सगळ्यांसमोर यांना म्हणाले होते, "काय बे प्रसेनजित, आमचाच चहा पेतो अन् आमच्याच विरोधात लिहितो?" हे म्हणाले, "साहेब, चहा चांगला होता. पन तो बातमीत टाकाले तुमीच नाही सांगतलं." साहेब मोठ्याने हसले होते. आत्ताही हसले. धन्यवाद.

मी यांच्या पक्षावरच्या प्रेमाबद्दलही सांगते, नाहीतर गैरसमज होईल. हे पक्षाचे सदस्य नव्हते, पण मत त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं असेल असं मला वाटत नाही. मजुरांचं, कोरडवाहूवाल्यांचं, बायांचं जो पक्ष बोलतो, त्याच्यावर जास्त बारीक नजर पाहिजे, असं म्हणायचे. बाकीच्यांकडून अपेक्षाच नाही, तर त्यांच्यावर शाई कशाला घालवायची.

गेल्या एप्रिलमध्ये धाडला पक्षाची जिल्हा प्रतिनिधींची बैठक ठरली होती. दुपारी दोन वाजता, मंगल कार्यालयात. जिल्हाध्यक्ष वरून न देता प्रतिनिधींनी चिठ्ठ्या टाकून निवडायचा, असं पहिल्यांदाच ठरलं होतं. एका बाजूला भगवानराव साहेब, दुसऱ्या बाजूला उंद्रीच्या बेबीताई. कोण जिंकेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. यांना त्याचाच आनंद होता. आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "उद्या पयल्यांदा मले निकाल आधीच माहीत नाही."

सकाळी दाढी करता करता हे खाली बसले आणि गेले. त्यांच्या मरणाबद्दल माझ्या मनात काही शंका नाही, हे इथेच सांगून टाकते. हृदय बंद पडलं. मी डॉक्टरांसमोर उभी होते. माझी शंका दुसरी आहे.

जिल्ह्यातून बैठकीला निघालेले सगळे लोक आमच्या दारात आले. उन्हाचा कहर होता. भगवानराव साहेब आले, हर्षलभाऊ आले, बेबीताई तर माझ्याजवळून उठल्याच नाहीत. पंजाबराव सर बुलडाण्याहून आले, माझ्या दिराच्या खांद्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. आम्ही बाया पण स्मशानभूमीत गेलो. त्रिशरण पंचशील झालं. मग आपल्या पद्धतीप्रमाणे शोकसभा. जो येतो तो बोलतो, कोणाला नाही म्हणता येत नाही. साहेब बोलले, हर्षलभाऊ बोलले, बेबीताईंना बोलवलं नाही. चार वाजून गेले. माणसं तिथूनच आपापल्या गावी परतली, कारण पुढे जेवणं नव्हती आणि गाड्या तापल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी 'पैनतीर' आला. पहिल्या पानावर चौकटीत यांचा फोटो, निधनाची बातमी. त्याच पानावर बाजूला दुसरी बातमी. 'श्रमिक लोकपक्षाच्या जिल्हाध्यक्षपदी भगवानराव यांची एकमताने निवड.' धाडच्या मंगल कार्यालयात दुपारी दोन वाजता बैठक झाली, प्रतिनिधींनी हात उंचावून पाठिंबा दिला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आभार हर्षलभाऊंनी मानले. आणि वर नाव, प्रसेनजित सरकटे, धाड.

म्हणजे एकाच पानावर माझा नवरा वारला होता आणि बैठकीला हजरही होता.

बेबीताई तो पेपर घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "सुवर्णा, दोन वाजता मी तं तुह्या जवळ बसून होती ना वं? मंग हात कोनाचे वर झाले?" मी तो पेपर घडी घालून ठेवून दिला. मला पाणी प्यायचंही सुचत नव्हतं.

वंदनाताई, चिठ्ठी मिळाली. 'वेळ संपत आली' असं लिहिलंय. हो, लवकर संपवते. साहेब, आपली परवानगी आहे ना? आपण मान हलवली, ती मी हो समजते.

यांच्या पुण्यानुमोदनाला सगळे विहारात जमले, त्या दिवशी मी हर्षलभाऊंना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "अहो वहिनी, बातमी आधीच लिहून पाठवली होती. पद्धतच आहे. बैठक रद्द झाली हे कळवायचं राहून गेलं. घाईगर्दीत चूक झाली." मला ते पटलं. कार्यक्रमाआधी बातमी तयार असते हे मी संसारात बसून पाहिलंय. हार घालायच्या आधीच 'हार घालून सत्कार करण्यात आला' असं आलेलं असतं. यांच्या मोबाइलवर तसल्या बातम्या यायच्या आणि हे त्या पुसून टाकायचे. म्हटलं, असेल. माणसं आहेत, चुकतात.

पण घरी येऊन मी ती बातमी पुन्हा वाचली. औषधाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचायची सवय, म्हणून शेवटपर्यंत वाचली. तिसऱ्या परिच्छेदात असं आहे. 'बैठकीच्या प्रारंभी दिवंगत पत्रकार प्रसेनजित सरकटे यांना दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहण्यात आली.'

मला सांगा, ही ओळ आधी कशी लिहिली? हे वारले सकाळी. म्हणजे ही बातमी ज्यांनी लिहिली त्यांना हे गेल्याचं माहीत होतं. बैठक झाली नाही हेही माहीत होतं, कारण तेव्हा ते स्मशानभूमीत होते, नाहीतर तिथून नुकतेच निघाले होते. सगळं माहीत असून ती लिहिली, आणि वर नाव यांचं टाकलं. माझ्या नवऱ्याने स्वतःला श्रद्धांजली वाहिल्याची बातमी स्वतःच दिली! ही घाईतली चूक आहे का? मला तसं वाटत नाही. कोणीतरी शांतपणे बसून विचार केला, की श्रद्धांजलीची ओळ नसेल तर लोक म्हणतील, पत्रकार वारला आणि यांनी बैठक घेतली. शोभत नाही. म्हणून ती ओळ घातली. शोभेसाठीच फसले.

नाव यांचंच का? याचं उत्तर मला बेबीताईंकडून मिळालं. त्यांनी मुंबईला पक्षाच्या मोठ्या नेत्यांकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "वरचे लोक मले म्हनते, पेपरात आलं ना? प्रसेनजितच्या नावानं आलं ना? तो तं भगवानरावचा मानूस नव्हता. मंग आता काय राह्यलं?" म्हणजे दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर कोणी मानलं नसतं. आयुष्यभर यांनी जे नाव खरं म्हणून जपलं, ते त्या एका दिवशी वापरून घेतलं. तेही अशा वेळी, जेव्हा हे नाही म्हणू शकत नव्हते.

मंगल कार्यालयाच्या कचरूभाऊंना मी विचारलं, संध्याकाळी तरी कोणी आलं होतं का? ते म्हणाले, "कोन येते ताई? खुर्च्या टेम्पोतून उतरवल्याच नाही. तुमच्या इकडं आनल्या नं, लोकायले बसाले." बैठकीच्या खुर्च्यांवर लोक शोकसभेला बसले होते.

सरांना मी हे फोनवर विचारलं. सर म्हणाले, "वहिनी, आता खुलासा छापला तर प्रसेनजितचंच हसं होईल." मी त्यावर फार विचार केला. सर माझ्या नवऱ्याचे गुरू. त्यांचा मान ठेवून मी गप्प बसले. पण मघाशी साहेबांनी जाहीर केलं, की निवृत्तीनंतर सर पक्षाचे प्रवक्ते होणार आहेत. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. वाजवता वाजवता मनात आलं, हसं नक्की कोणाचं होणार होतं? मी आरोप करत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. ते नाव कोणी टाकलं, कोणाच्या सांगण्यावरून टाकलं, मला माहीत नाही. शंका मात्र आहे, आणि ती मी रोज घेऊन झोपते.

एक विनंती करते. त्या दिवशी दुपारी जे धाडच्या स्मशानभूमीत होते, त्यांनी फक्त हात वर करावा. घाबरू नका, मतदान नाही.

बघा, किती हात आहेत. धन्यवाद. जानेफळचे लोक, चिखलीचे लोक, पत्रकार सगळे. हर्षलभाऊ, तुमचा अर्धाच आहे, पण चालेल. सरांचाही हात वर आहे. सर, मी तुमची आभारी आहे. मनापासून. भगवानराव साहेबांनी हात वर केला नाही, पण त्याची गरज नाही. त्यांचं भाषण सर्वात लांब झालं होतं, आणि माईक माझ्या दिराने धरला होता.

आता खाली घ्या.

साहेब, अध्यक्ष कोणी व्हावं हे मी सांगणार नाही. चिठ्ठ्या टाकायच्या की नाही ते प्रतिनिधींनी बघावं, बेबीताईंनी बघावं. त्या इथेच तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझं मागणं एवढंच, त्या बातमीवरून माझ्या नवऱ्याचं नाव काढा.

सर, उद्याचा अंक तुमच्या संपादनातला शेवटचा. अजून पानं लागायची आहेत. परवापासून तुम्ही पक्षाच्या वतीने बोलाल, तेव्हा मी तुम्हाला हे मागणार नाही. आज तुम्ही संपादक आहात. खुलासा मी पाठ केला आहे. 'एप्रिलमध्ये धाड येथील बैठकीची बातमी प्रसेनजित सरकटे यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. ती त्यांनी लिहिलेली नाही. त्या दिवशी त्यांचे निधन झाले होते व ती बैठक झाली नव्हती.' एवढंच. दिलगिरी नको. यांना विचारलं होतं तसं तुम्ही मलाही विचाराल, टाकी पाहिली का? पाहिली सर. मी तिथेच होते.

सरांना पुढच्या आयुष्यासाठी आरोग्य लाभो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, वंदनाताईंचे आणि मागे उभं राहून ऐकणाऱ्यांचे आभार. बोलण्यात माझं काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. खुलाशात मात्र एकही शब्द कमी-जास्त करू नका.

जय भीम.