यादीबाहेरचा फोन

(बोईसर. एका मोठ्या कारखान्याच्या आवारातली आगीच्या बंबाची शेड. हिवाळ्यातली सकाळ.)

धीरज : नाही दामूकाका, अजून खाली उतरलेलं नाही. ऊन आत्ता फक्त मनोऱ्याच्या टोकाशी आहे. काल तुम्ही बंबाचे ओले होज-पाइप वाळत टाकलेत ना, त्यांच्या वरच्या गाठींपाशी. पाहा, कापडाला नुसता रंग चढला आहे, ऊब अजून नाही. आता ते पाण्याच्या टाकीवर येईल आणि तिथे बराच वेळ रेंगाळेल, कारण टाकी गोल आहे. तिच्या अंगावरून घसरायला उजेडालाही वेळ लागतो. मग पत्र्याच्या पन्हळी, एकेक रेघ. मग भिंतीवरच्या वाळूच्या बादल्या. तारापूरच्या बाजूला समुद्रावरचं धुकं तोवर राखाडीच असेल. आणि सगळ्यांत शेवटी तुमच्या बंबाची काच. काचेवर ऊन आलं की आठ वाजतात. हिवाळाभर पाहतो आहे मी. किती सावकाश येतं, आणि वाटेतलं काहीही वगळत नाही.

दामू : आणि तुझा चहा? तो बी टाकीवरून घसरत येणार काय? साय धरली त्यावर.

धीरज : घेतो.

दामू : तू ऊन मोजायला लागलास म्हणजे काहीतरी टाळत असतोस. अकराच्या मीटिंगची धास्ती घेतलीस ना?

धीरज : दहाच मिनिटं बोलायचं आहे. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, तू नोकरी सांभाळून एम.ए. करतोस, त्या नाटोवर निबंध लिहिला आहेस, तर मतदानाआधी तो वाच. लोकांना विचाराला दिशा मिळेल.

दामू : आता मला सांग. आपलं मदत मंडळ म्हणजे बावीस मोठे कारखाने. एकाकडं आग लागली की बाकीच्यांनी आपापला बंब घेऊन धावायचं. आज ठरवायचं काय, तर मागच्या गल्लीतले चौदा बारके कारखाने यादीत घ्यायचे की नाय. यात तुझी नाटो कुठून शिरली?

धीरज : तीच तर मुळाशी आहे काका. ऐका. "१९४९ साली बारा देशांनी एकमेकांना वचन दिले, की आपल्यापैकी एकावर झालेला सशस्त्र हल्ला हा आपणा सर्वांवरचा हल्ला मानू. माणसांच्या इतिहासात तह पुष्कळ झाले. परंतु दुसऱ्याच्या उंबरठ्यावरील संकटास आपल्या घरातील संकट म्हणण्याचे धैर्य इतकी वर्षे टिकल्याची उदाहरणे थोडी. आज त्या बारांचे बत्तीस झाले आहेत."

दामू : बत्तीस? म्हणजे दातांसारखे. एखादा किडका असणारच.

धीरज : असतीलही. रुसवेफुगवे आहेतच. कुणी म्हणतो, आम्हीच खर्च करायचा आणि बाकीच्यांनी सावलीत बसायचं का?

दामू : हे आपल्याकडं बी हाय. कोपऱ्यावरचा तो रंगवाला कारखाना दोन वर्षं आपला बंब फक्त पुसतोय. दसऱ्याला हार घालतो त्याला.

धीरज : पण तरीही ते एकत्र राहिले, याचं मला फार अप्रूप वाटतं. फिनलंड घ्या. पाऊणशे वर्षं कुणाच्याच बाजूला गेला नाही. मग रशियाचे रणगाडे युक्रेनवर चालून गेलेले पाहिले आणि सव्वा वर्षात आत आला. त्याच्या मागोमाग स्वीडन, जो दोनशे वर्षं अलिप्त होता. त्यांना कुणी ओढून नेलं नाही. त्यांनी स्वतः दार वाजवलं.

दामू : आणि ज्याच्या भीतीनं वाजवलं, त्याचं म्हणणं काय?

धीरज : तेही लिहिलं आहे मी. रशियाचं म्हणणं असं, की तुमचं कुंपण दर काही वर्षांनी माझ्या अंगणाकडे सरकतं आहे. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर ती भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण कुंपण सरकलं नाही काका, शेजारी आत आले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दामू : हं. बरं बोलतोस. पण जरा सोपं कर. त्या मीटिंगला निम्मे लोक वड्यासाठी येतात.

धीरज : सोपं आहे की. आइसलंड नावाचा एक देश आहे, अगदी पहिल्या बारांतला. त्याच्याकडे स्वतःचं सैन्यच नाही.

दामू : सैन्य नाय? मग सैन्याच्या मंडळात घेतला कशाला, ताट मांडायला?

धीरज : त्याची जागा. उत्तरेच्या समुद्रात तो अशा ठिकाणी आहे, की तिथून येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष राहतं. प्रत्येकाने बंदूकच आणली पाहिजे असं नाही. कुणी जागा आणतो, कुणी नजर आणतो.

दामू : हे चांगलं हाय. हे वाच. आणि ते वचन खरंच कधी पाळलं काय, की नुसतं भिंतीवर टांगलंय?

धीरज : एकदाच वेळ आली. २००१ साली, अमेरिकेवर हल्ला झाला तेव्हा. गंमत पाहा. सगळ्यांना वाटत आलं होतं, की हा बलाढ्य देश एक दिवस आपल्याला वाचवायला येईल. आणि आग लागली ती त्याच्याच घराला. तेव्हा दुसऱ्या देशांतली माणसं टेहळणीची विमानं घेऊन समुद्र ओलांडून गेली आणि त्याच्या आकाशाची राखण करत राहिली. ते वाचताना, खोटं नाही सांगत, माझे डोळे भरून आले होते.

दामू : तू शेजाऱ्याच्या बारशाला बी रडतोस. पण मला पटलं. आमच्या शिरगावात कागद नाय, कलम नाय. नावेच्या डोलकाठीला कुणी मदतीसाठी सदरा बांधलेला दिसला की जो जवळ असेल त्यानं जायचं. कुठल्या आळीचा, कुणाशी भांडण, ते किनाऱ्याला आल्यावर.

धीरज : त्यांच्या कागदावर तसं सरळ लिहिलेलं नाही. त्या वचनाचं पाचवं कलम फार लोक अर्धंच वाचतात. त्यात पुढे असं आहे, की प्रत्येक देश "स्वतःस आवश्यक वाटेल अशी कृती" करील.

दामू : वाटेल अशी?

धीरज : हो.

दामू : म्हणजे सगळं वचन त्या "वाटेल"वर उभं. आणि वाटायचं कुणाला? जो फोन उचलेल त्याला?

धीरज : हो. शेवटी तिथेच येतं ते.

दामू : आणि जो यादीतच नाय, त्याचं काय?

धीरज : त्याच्यासाठी वाटण्याचंसुद्धा बंधन नाही. युक्रेनला २००८ साली सांगितलं, एक दिवस तुम्ही आमच्यात असाल. कोणता दिवस, ते सांगितलं नाही. त्याला शस्त्रं पुष्कळ मिळाली, दया मिळाली. पण कुणी त्याच्या बाजूला येऊन उभं राहायला बांधलेला नव्हता. म्हणून माझ्या निबंधाचा शेवट असा आहे: "या संघटनेचे उद्याचे प्रयोजन केवळ रणगाडे अडविणे नव्हे. समुद्राखालच्या तारा आहेत, संगणकांवरील हल्ले आहेत, नावगाव नसलेली संकटे आहेत. परंतु या साऱ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: संकटात पडलेल्याला हाक मारण्यापूर्वीच ठाऊक असावे, की कोणीतरी येणार आहे."

दामू : वा. शेवट झकास हाय.

धीरज : खरंच?

दामू : झकास हाय म्हणूनच विचारतो. हे वाचून झालं की तो मोठ्या कारखान्याचा मॅनेजर उठणार आणि काय म्हणणार, ते ठाऊक हाय ना तुला?

धीरज : ठाऊक आहे.

दामू : "गेल्या वर्षी मागच्या गल्लीत आग लागली, तो कारखाना यादीत नव्हता, तरी फोन आल्यापासून चार मिनिटांत आपला बंब पोचला. मग यादी वाढवायची गरजच काय?" त्या चार मिनिटांसाठी मंडळानं तुला दिलेली शाल दाखवून तुझाच निबंध पाडणार तो.

धीरज : फोनच्या नोंदवहीत चार मिनिटंच आहेत, काका.

दामू : वहीत हायेत. वही कुणी लिहिली, ते मी विचारलं नाय. वर्ष झालं, विचारलं नाय.

बन्सी : येऊ का आत? गेटवाल्यानं सोडला मला.

दामू : ये रे बन्सी! धीरू, ओळखलास ना? त्याच आगीतला. हात कसा हाय?

बन्सी : बोटं दोन चिकटलेलीच हायेत, पण कामाला चालतात. साहेब, ह्या वालाच्या शेंगा. डोंगरावरच्या आमच्या तुकड्यातल्या. तुमच्यासाठीच आणल्या.

धीरज : बन्सीभाऊ, कशाला एवढं...

बन्सी : कशाला काय? तुमी नसते आलात तर गल्ली जळली असती सगळी. ठमी, माझी बायको, दिवाळीत पणती लावते तर एक तुमच्या नावाची लावते. हसू नका काका, खरंच लावते.

दामू : हसत नाय बाबा.

बन्सी : साहेब, एवढा अर्ज बघा बरोबर हाय का. चौदा कारखान्यांनी मिळून लिहिलाय. शेटलोक म्हणले, बन्सी, तूच बोल मीटिंगला, तू आग बघितलीस.

धीरज : वाचतो. "आमच्याकडे बंब नाही, आग विझवणारे फेसाचे पाणी नाही. परंतु आमच्या गल्लीत एक विहीर आहे, ती वैशाखातही आटत नाही. भोंगा वाजला की आमची माणसे प्रत्येक वळणावर उभी राहतील आणि बंबाला रस्ता दाखवतील."

दामू : हा बघ धीरू, तुझा आइसलंड आला चालत.

बन्सी : ते काय असतं?

दामू : देश असतो. तुझ्यासारखाच, बिनबंबाचा. तू पुढं काय बोलणार, ते सांग.

बन्सी : तेच विचारायचंय. मी बोलणार होतो, की मी सात वाजून पाच-सहा मिनिटांनी पहिला फोन केला, तवा कोणीतरी उचलला आणि बोलला, तुमचं नाव यादीत नाय, सरकारी अग्निशमन केंद्राला लावा. ठेवला. तिकडं लावला, तर लागंना. मग मी आत गेलो, सॉल्व्हंटच्या टाकीची चावी बंद करायला. त्यात हा हात गेला. बाहेर येऊन डाव्या हातानं परत फोन केला, तवा धीरज साहेब आले. पण...

धीरज : पण काय?

बन्सी : काल तुमच्या हापिसातले एक साहेब आले होते. म्हणले, वहीत एकच फोन हाय, सात सतराचा. पहिला फोन झालाच नाय. तू भाजलेला, घाबरलेला, तुला भास झाला. असलं खोटं मीटिंगला बोललास तर अर्ज फेकून देतील.

दामू : मग तू काय म्हणलास?

बन्सी : काय म्हणणार? रातभर इचार केला. माणूस घाबरला की त्याला काय पण ऐकू येतं. माझा बाप मरायच्या आधी आमच्या पाड्यावरचा गलका ऐकू येतो म्हणायचा, आमी दवाखान्यात होतो. तसाच असेल. वहीत साहेबांच्या हातचं लिहिलंय, ते कसं खोटं असेल? फक्त एक समजत नाय. गाडी येते असं कळलं असतं, तर मी आत गेलोच नसतो. गेटवर उभा राहिलो असतो, रस्ता दाखवायला. मग मी आत का गेलो, साहेब? तुमी शिकलेले. तुमीच सांगा. काढून टाकू का तो पहिला फोन? नुसतं म्हणतो, की चार मिनिटांत आले, देवासारखे आले, आमाला घ्या.

दामू : बन्सी, एक सांगतो. मी अडाणी माणूस, मला गाडी तेवढी कळते. इथं फोनची घंटी वाजली की मी आधी इंजिन चालू करतो, मग विचारतो कुठं. सवय हाय ती. त्या सकाळी मी दोनदा इंजिन चालू केलं.

धीरज : काका.

दामू : मी गाडीपुरतं बोललो. एकदा चालू केलं, खिडकीतून हात दिसला, राहू द्या म्हणून. मी बंद केलं. चालू केलेली गाडी बंद करायला मला कधीच आवडलं नाय. त्या दिवशी तर नायच. बाकीचं ज्याचं त्यानं.

बन्सी : दोनदा? म्हणजे काय, काका?

दामू : शेंगा कोवळ्या हायेत रे. मडक्यात भाजून पोपटी करायच्या लायक.

बन्सी : साहेब, तुमी तरी सांगा. दोनदा कशाला?

धीरज : मला सांगितलं होतं... नाही. सांगितलं होतं हे खरं, की यादीबाहेरच्यांना केंद्राकडे पाठवायचं. पण धूर मला खिडकीतून दिसत होता, बन्सीभाऊ. टाकीच्या मागे, करड्या रंगाचा. उजेड नुकताच तिथवर आला होता. मी त्या उजेडाकडे पाहत राहिलो, अकरा मिनिटं.

दामू : काचेवर ऊन आलं रे. आठ वाजले. मीटिंगची तयारी करा.

बन्सी : मग अर्जावर काय लिहू, साहेब? एक फोन की दोन?

धीरज : दोन लिहा. पहिला मी उचलला होता.