इंटरव्ह्यू छान झाला, त्याची गोष्ट

...आणि वर पुन्हा विचारतात, "कसा झाला?" अहो, मला काय माहीत कसा झाला! मी आत होते ना? आत बसलेल्या माणसाला कुठं काय कळतं? पण नाही! दार लोटून बाहेर आले नाही तोच नवऱ्याचा फोन, "कसा झाला?" घरी चपला काढते न काढते तोच सासूबाई, "झाला का गं चांगला?" दुसऱ्या दिवशी कामावर, सुई हातात, पेशंटचा दंड बांधलेला, आणि आमचे मोठे डॉक्टर मागून, "काय मॅडम, कसा झाला?"... तुम्हाला सांगते, इंटरव्ह्यू कसा झाला हे इंटरव्ह्यू देणाऱ्याला कधी विचारू नये!

मी रक्त काढते. दचकू नका, नोकरी आहे ती, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, अकरा वर्षं झाली. दिवसाला साठ माणसांचं काढते, आणि घरी गेले की माझं आटतं, म्हणजे हिशेब सारखाच. आता रक्त काढणाऱ्या बाईनं गप रक्त काढावं, तिला पीएचडी कशाला हवी? सासूबाई हेच विचारतात. त्यांना काय सांगू? आमच्याकडे एक टेलरकाका यायचे दर महिन्याला, साखर तपासायला. आले की माझ्या बाहीची शिलाई बघून नाक मुरडायचे. एकदा त्यांची ट्यूब चार तास खिडकीपाशी उन्हात राहिली. रक्त नुसतं ठेवलं ना, तरी त्यातली साखर उतरत जाते हो! रिपोर्ट आला, साखर एकदम झकास. डॉक्टर खूश, काका खूश, इन्शुलिन कमी केलं... नवव्या दिवशी काका गेले. रिपोर्ट चांगला होता! मी त्या रात्री जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून वही घातली. कुठली ट्यूब किती वेळ, कुठं, कशी राहिली, नि आकडा किती हलला. सात वह्या झाल्यात. एवढंच मला शिकायचंय, नीट, कुणीतरी ऐकेल असं. आणि फेलोशिपच्या जागेला पस्तिशीनंतर अर्ज घेत नाहीत, मला चौतीस संपत आलेलं.

तर पीएचडीचा पहिला इंटरव्ह्यू. काय सांगू तुम्हाला, असा इंटरव्ह्यू देवानं सगळ्यांना द्यावा! गोल चष्म्याचे एक सर आणि स्वेटरवाल्या एक बाई. "या या, बसा! उन्हातून आलात? पाणी घ्या. चहा सांगू?" मग स्वेटरबाई, "मुलगी कितवीत आहे? दुसरीत? अगं बाई, गोड वय!" मग चष्मेवाले, "नोकरी, घर, मुलगी, आणि वर पीएचडी? कमाल आहे हो तुमची!" मी लाजतेय, चहा पितेय, सात वह्या मांडीवर. निघताना स्वेटरबाई दारापर्यंत आल्या हो सोडायला! मी तरंगत घरी. नवऱ्याला म्हटलं, "अहो, एकाही प्रश्नाला अडले नाही!" कशी अडेन? विचारलाच कुठं होता? पण तेव्हा हे सुचतंय कुणाला! सासूबाईंनी तोवर जिन्यात जाहीर केलं, "सूनबाई डॉक्टर झाली." शेजारच्या आजी गुडघा दाखवायला आल्या. आणि सतराव्या दिवशी यादी लागली. मी ती वरून वाचली, खालून वाचली, दुसऱ्या विभागाचीही वाचली... नाव नाही!

कळलं कसं, सांगते. त्याच आठवड्यात एक बाबा आले, शीर म्हणून सापडेना. अशा वेळी मी काय करते? "बाबा, गाव कुठलं? नातवंडं किती? वा, तिन्ही मुलीच? नशीबवान आहात!" तोंड असं चालू, आणि खाली कोपराच्या खळीत सुई फिरतेय. ज्याची शीर लगेच मिळते त्याच्याशी मी एक अक्षर बोलत नाही हो, टोचलं, काढलं, पुढचा! ज्याचं काही खरं नाही त्याच्याशीच गोड बोलायचं... आणि मी तिथंच थांबले. चहा! दुसरीतली मुलगी! दारापर्यंत सोडायला! अहो, अकरा वर्षं मी हे रोज दुसऱ्यांना करते, आणि मला कुणी केलं तर मला कळू नये? बाबा घाबरले, "काय झालं, नाही मिळत का शीर?" मी म्हटलं, "नाही मिळाली बाबा." आणि मला रडूच आलं. बाबा बिचारे मलाच म्हणाले, "असू दे पोरी, दुसऱ्या हातातून घे." म्हणून सांगते, इंटरव्ह्यू कसा झाला हे देणाऱ्याला विचारू नये!

दुसरा मात्र मी डोळे उघडे ठेवून दिला. चहा नाही, पाणी नाही. एक म्हातारे सर, भुवया इतक्या दाट की त्यांना मी दिसत असेन की नाही शंका. पहिली वही उघडली, मिटली. "हे सगळ्यांना माहीत आहे. यात नवीन काय?" मी म्हटलं, "सर, सगळ्यांना माहीत आहे?" "पुस्तकात आहे!" माझा तोल गेला. म्हटलं, "पुस्तकात आहे ना? मग आमचे टेलरकाका का गेले?" भुवया वर गेल्या, खाली आल्या. "इथं भावनांना जागा नाही. या तुम्ही." मी जिन्यात बसून रडले, पदरानं नाक पुसलं, आणि मग एकदम हसायलाच लागले... अहो, वाईट झाला! गोड बोलले नाहीत! म्हणजे झालं माझं काम! घरी फोन, "अहो, इतका वाईट झाला, इतका वाईट झाला, विचारू नका!" नवरा म्हणाला, "अभिनंदन?" मी म्हटलं, "हो!" बारा दिवसांनी यादी. नाव नाही. वाईट झाला होता तो खरंच वाईट झाला होता हो! आता माणसानं धरावं तरी काय?

तिसरा शेवटचा. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अकरा मिनिटं. एक सर पूर्ण वेळ खिडकीच्या कडीशी झटापट करत होते. "बरं, ठीक आहे," म्हणाले, ते मला की कडीला, देव जाणे. घरी "कसा झाला?" म्हटलं, "झालाच नाही बहुतेक." आणि या खेपेला नाव आलं! प्रतीक्षा यादीत. पहिलं. जागा एक. वेटिंगवर पहिलं असणं म्हणजे काय, ठाऊक आहे? यादीत वर नाव लागलेल्या, न पाहिलेल्या बाईचं रोज वाईट चिंतायचं! तिला दुसरीकडे मिळो, तिचा विचार बदलो, तिचं लग्न ठरो... लग्नाचा काय उपयोग, माझंही झालंय. पाय मोडो, साधासाच... छे छे! असलं मनात यायचं नि मी स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायचे. वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते.

आणि मंगळवारी सकाळी एक मुलगी खुर्चीत येऊन बसली. चोविशीची. हातात फिटनेसचा फॉर्म. मी वाचला. तेच विद्यापीठ. तोच विभाग. तीच एक जागा! प्रवेशाची मुदत बुधवारी पाचला, म्हणजे उद्याच. तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर अशी ठसठशीत की डोळे मिटून सुई घालावी. आणि मी, मी जगाला बजावणारी, मीच विचारलं, "कसा झाला होता गं इंटरव्ह्यू?"

"ताई, इतका वाईट! दोन प्रश्नांना गप्पच बसले. आठवडाभर आईशी बोलले नाही. कसं घेतलं मला, देव जाणे!"

रक्त आलं. ट्यूब भरली. ती "थँक्यू ताई" म्हणून बाहेर बाकावर जाऊन बसली, आणि ट्यूब माझ्या हातात. आता ऐका. ही ट्यूब नुसती जोरात हलवली ना, चार-पाचदा, तरी आतलं रक्त फुटतं. रिपोर्टावर 'नमुना खराब, पुन्हा द्या' एवढंच येतं. ती पुन्हा येणार, पुन्हा रांग, पुन्हा तपासणी, बुधवार संपला! कुणाला कळणार होतं? रक्त कसं बिघडतं हे या शहरात माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? खोलीत कुणी नव्हतं. मला ती जागा हवी होती हो. खोटं कशाला बोलू? फार हवी होती.

आठ वेळा उलटी-सुलटी केली. हळूच. रक्त गोठू नये म्हणून नियमात आहे, अगदी तशी. आणि दहा मिनिटांच्या आत मशीनवर लावली.

मग फॉर्म भरायचा. डॉक्टर खाली नुसती सही करतात, मजकूर मी टाईप करते. 'वरील उमेदवार पीएचडी प्रवेशासाठी' आणि पुढं रिकामी जागा. त्या जागेत मी लिहिलं, 'योग्य'. एका वर्षात तीन विद्यापीठांना जो शब्द सुचला नाही, तो शेवटी मलाच टाईप करावा लागला, तोही दुसरीच्या नावापुढं! काय करता? हिमोग्लोबिन तेरा पॉइंट दोन होतं हो तिचं!